धरणाच्या पोटातली मास्तरीण

मास्तरीणबाईंचा आवाज गेला तो भर वर्गात. फळ्यावर गणितातला त्यांचा आवडता धडा चालला होता आणि एका वाक्याच्या मधोमध घशातून नुसती हवाच बाहेर आली. मुलांना वाटलं, बाई मुद्दाम थांबल्या, आता कोणाला तरी उभं करणार. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी खडू ठेवला, हात झटकले आणि त्या वर्गाबाहेर पडल्या. पुन्हा शिकवायला म्हणून त्या कुठल्याच वर्गात गेल्या नाहीत.

स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढली, जीव वाचला, आवाज मात्र गाठीबरोबर गेला. मागे राहिली ती कुजबुज. घरात आवाजावाचून काही अडलं नाही. नवरा दिवसभर कामावर, आणि लेक, जिला सगळे चिमणी म्हणत, ती आईच्या वाटचंही बोलून टाकायची. पण पहिल्या बाकापलीकडे न पोचणाऱ्या आवाजाचं कॉलेजात करायचं काय? प्राचार्यांनी काही दिवस त्यांना ग्रंथालयात बसवलं. तिथे सगळेच कुजबुजतात, तुमचं वेगळं दिसणार नाही, असं ते म्हणाले. ते चांगल्या मनाने म्हणाले, हेच बाईंना जास्त लागलं.

नवरा धरणाच्या वसाहतीत वायरमन होता. एक दिवस तो जेवताना सांगू लागला की मोजणीच्या कामावर माणूस हवाय. आकडेमोड पक्की पाहिजे, आणि कामाच्या जागी बोलायला कोणीच नसतं. "तुझ्यासाठीच काढलेली जागा म्हणायची," असं म्हणून तो हसला. बाई हसल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी त्याच्याशी अबोला धरला, म्हणजे धरला असं त्यांना वाटत होतं. त्याच्या ते लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज केला.

धरण काँक्रीटचं होतं, दोन डोंगरांच्या मध्ये घट्ट बसवलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक सलग भिंत वाटे, पण तिच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बोगदा गेला होता. लोखंडी जिना उतरून खाली गेलं की डोक्यावर दिव्यांची रांग, पायाखाली ओलसर फरशी, आणि एका कडेने वाहणारं गटार. त्या गटाराच्या तळाला ठराविक अंतरावर भोकं होती, मूठ जाईल एवढी, पार खालच्या खडकात उतरवलेली. धरणाच्या बुडाखाली जे पाणी झिरपतं त्याला या भोकांतून वर यायला वाट मिळे. ती नसली तर तेच पाणी तळाशी साचून भिंतीला खालून उचलायला बघेल, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी समजावलं. साहेब म्हणजे तिथले मुख्य अभियंता, उंच, पोक काढून चालणारे, बोगद्यात डोकं आपटून आपटून ती सवय लागलेली.

बाईंचं काम तारेचं होतं. धरणाच्या माथ्यापासून एक अरुंद विहीर सरळ बोगद्यापर्यंत उतरत होती आणि तिच्यातून एक पोलादी तार लोंबत होती. खाली तेलाच्या पिंपात बुडालेलं वजन. गवंड्याच्या ओळंब्याचा हा थोरला भाऊ. भिंत कलली तरी तार सरळच राहायची, आणि भिंत तारेपासून किती सरकली ते एका भिंगातून वाचायचं. भिंत हलते, हे ऐकून बाई दचकल्या होत्या. साहेब म्हणाले, "सगळी धरणं हलतात. जे हलणार नाही, त्याची मला भीती वाटेल."

बोगद्यात आणखी एक माणूस असायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवत असेल. एरवी सगळे पाताळकाका म्हणत. दिवे बदलायचे, गटार झाडायचं, भोकांच्या तोंडाशी जमणारा पांढरा चुना खरवडायचा, हे त्यांचं काम. उभी हयात तिथे काढल्यामुळे त्यांचा रंग बटाट्याच्या कोंबासारखा झाला होता. सकाळी खाली उतरले की पहिल्यांदा ते भिंतीवर तळवा ठेवत, गाभण म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मग कामाला लागत. बाईंशी ते अदबीने वागायचे. एकच गोष्ट खटकायची. बाई त्यांच्याशी बोलल्या की काका त्यांच्या तोंडाकडे बघायच्याऐवजी त्यांच्या पाठीमागे बघत.

बाईंना तो बोगदा आवडू लागला, आणि याचं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. वर उजेडात त्यांचा आवाज हातभर अंतरावर विरून जायचा. खाली मात्र भिंत तो झेलायची. भिंगातला आकडा विसरू नये म्हणून त्या तो दोन-तीनदा पुटपुटत, आणि तो आकडा बोगद्याच्या वाकणावरून सरपटत जाऊन लांबून परत येई. पुन्हा आपण कोणाला तरी ऐकू जातोय, असं त्यांना वाटे. तारेला हात लागला तर ती स्थिर व्हायला बराच वेळ घ्यायची, तेवढा वेळ उभं राहावं लागे. मग एक दिवस बाईंनी उभ्याउभ्या धडा सुरू केला. अर्धवट राहिलेलाच.

"एक गोष्ट दोघांवर अवलंबून," त्या समोरच्या काळोखाला सांगत. "ते दोघे तिसऱ्यावर. तिसरा हलला की पहिलीला त्याची खबर दोन वाटांनी पोचते. वाटेवर गुणाकार करायचा, आणि मग सगळ्या वाटांची बेरीज. एकही वाट सोडायची नाही."

मग त्या वर्गात करायच्या तसं थांबत, शंका विचारायला वेळ देत. शंका अर्थातच येत नसे. हा त्यांचा दर आठवड्याचा वर्ग झाला. नवऱ्याला कळलं असतं तर त्याने त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं, म्हणून त्याला सांगितलं नाही.

वर्ष सरलं. एका रिकाम्या दुपारी बाईंनी गंमत म्हणून धड्याला खरं उदाहरण शोधलं. ते समोरच होतं. भिंतीचा कल दोघांवर ठरतो. एक, मागचं पाणी: ते चढलं की भिंत पुढे झुकते. दुसरी, काँक्रीटची ऊब: उन्हाने पुढची बाजू तापून फुगली की भिंत मागे, पाण्याकडे रेलते. आणि हे दोघेही काळाबरोबर बदलतात. म्हणजे आठवडाभरात कल किती बदलायला हवा हे सांगता येतं. पाणी मीटरभर चढलं तर भिंत किती झुकते, त्याला या आठवड्यात पाणी किती मीटर चढलं त्याने गुणायचं. ही एक वाट. ऊब एका अंशाने वाढली तर भिंत किती सरकते, त्याला ऊब किती अंश वाढली त्याने गुणायचं. ही दुसरी. दोन्हींची बेरीज म्हणजे तारेवर दिसायला हवा तो फरक.

अडचण एकच होती. नुसत्या पाण्याचा वाटा काढायचा तर ऊब जागच्या जागी धरून ठेवायला हवी, आणि उबेचा काढायचा तर पाणी. इंग्रजी सहा उलटा काढावा तसं अंशतः बदलाचं ते चिन्ह फळ्यावर काढलं की बाई मुलांना सांगायच्या, याचा अर्थ एवढाच, की बाकीच्यांना खुर्चीला बांधायचं आणि एकालाच नाचू द्यायचं. फळ्यावर हे सोपं होतं. धरणात कोण कोणाला बांधणार? पण जुनी मापं चाळताना त्यांना असे आठवडे सापडले की दरवाजांच्या दुरुस्तीमुळे पाणी तसंच ठेवलं होतं आणि ऊन मात्र तापत गेलं होतं. असेही सापडले की पूर येऊन पाणी झपाट्याने चढलं आणि जाड काँक्रीटला गार व्हायला सवडच मिळाली नाही. निसर्गाने अधूनमधून एकेकाला बांधून ठेवलं होतं. त्यावरून दोन्ही वाटे निघाले.

मागच्या वर्षांवर त्यांनी ते लावून पाहिलं. बेरीज तारेशी जुळत होती, इतकी छान जुळत होती की बाईंना एकटीलाच हसू आलं. मग त्या चालू वर्षाकडे आल्या आणि हसू राहिलं बाजूला.

चालू वर्षात शिल्लक उरत होती. पाण्याचा वाटा काढला, उबेचा काढला, तरी भिंत थोडी पुढे गेलेली. अगदी थोडी, केसाच्या जाडीत मोजावी एवढी. चूक असती तर ती कधी पुढे, कधी मागे पडली असती. ही शिल्लक कायम एकाच अंगाला होती, आणि वाढत होती.

बाईंनी दोनदा पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करताना त्यांना जाणवलं की आपल्या अंगावर काटा आलाय. पाण्यामुळे नाही, उबेमुळे नाही, तरी भिंत पुढे येतेय. कोणी न ढकलता.

त्यानंतर खाली उतरताना त्यांना बोगदा निराळा वाटायला लागला. आधी त्यांना कळेना काय बदललंय. मग कळलं: शांतता. पहिल्या दिवसांत भोकांमधून पाणी बुडबुडत यायचं, गटार खळखळायचं, त्या गलक्यात आपले शब्द गोळा करून आणावे लागायचे. आता बोगद्याचा मधला भाग मुका झाला होता. त्यांची कुजबुज पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जाऊन, कितीतरी स्वच्छ परत येत होती. एकदा तर त्या धड्याच्या शेवटच्या वाक्याला पोचल्याही नव्हत्या आणि बोगद्याच्या टोकाकडून ते आलं. हलकेच, दमल्यासारखं. एकही वाट सोडायची नाही.

बाई भिंग तसंच टाकून जिन्याकडे निघाल्या. पळायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि अर्ध्या वाटेवर त्या पळत होत्या.

वर आल्यावर ऊन लागलं, धीर आला. मागच्या खेपेला तोंडून गेलेलं वाक्य भिंतीत कुठेतरी अडकून उशिरा परत आलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण शिल्लक काही समजुतीने जाणारी नव्हती. त्या साहेबांकडे गेल्या. बोलून फार वेळ लागेल म्हणून कागदावरच आलेख काढून नेला होता.

साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. त्यांनी उडवून लावलं नाही, की बाईंना शहाणपणही शिकवलं नाही. ते म्हणाले की काँक्रीट म्हाताऱ्या माणसासारखं असतं, भार तोच असला तरी वर्षानुवर्षं थोडं थोडं वाकत राहतं. म्हणजे काळाची भिंतीकडे एक सरळ वाटही आहे, मध्ये ना पाणी, ना ऊब. ती धरली तर शिल्लक तिच्यात बसते. बाईंना हे माहीतच होतं. अशी सरळ वाट असली तर वेगळी धरायची, हे त्यांनी कितीदा शिकवलं होतं. क्षणभर त्यांना हायसं वाटलं.

 मग साहेबांनीच आलेखाच्या शेवटच्या भागावर बोट ठेवलं. म्हातारपणाचं वाकणं हळूहळू कमी होत जायला हवं. हे वाढत होतं.

"तुम्ही मुलांचे मार्क कधी कापायचात?" त्यांनी विचारलं. "या गणितात?"

बाई म्हणाल्या, "वाट विसरली की. विसरलेली वाट कुठे जात नाही, साहेब. ती या सरळ वाटेच्या पोटात लपून बसते."

साहेब खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, परत आले. पाण्याची भिंतीकडे जाणारी आणखी एक वाट होती. समोरून ढकलणारी नव्हे, बुडाखालून उचलणारी. ती बंद राहावी म्हणून तर ती सगळी भोकं. आणि खालच्या दाबाची मापकं जुनी होऊन निम्मी अडकून बसली होती, नवी यायची होती. बाईंनी गेल्या वर्षभराचा पाझर विचारला. बोगद्यातून एकूण किती पाणी बाहेर येतं ते साहेब स्वतः पाहत. पाझर कमी झाला होता. चांगलाच कमी झाला होता. वरच्या कार्यालयातून त्याबद्दल शाबासकीही आली होती.

"आम्ही खूश होतो," साहेब म्हणाले. आणि जरा वेळाने, "येत नाहीये म्हणजे ते आहे कुठे?"

ते तसेच खाली उतरले, दोघंही. सकाळची वेळ होती, पाताळकाका वरच्या अंगाला दिवे पुसत होते. साहेब मधल्या मुक्या भागात उकिडवे बसले आणि त्यांनी पेचकस घेऊन एका भोकाच्या तोंडावरचा चुना खरवडला. चुना सहज निघाला. खाली सिमेंट होतं. कोणीतरी बोटाने गुळगुळीत केलेलं. बोटाचे ठसे होते त्यात. सिमेंट फोडल्यावर लाकडाची खुंटी लागली, आणि खुंटीभोवती गच्च गुंडाळलेली फडक्याची चिंधी. चिंधी ओढताच साहेबांच्या तोंडावर पाणी उडालं. नुसतं वाहिलं नाही, उडालं, आणि दिव्याच्या उंचीपर्यंत जाऊन खाली पडत राहिलं.

पाताळकाका कधी जवळ येऊन उभे राहिले ते दोघांनाही कळलं नाही. त्यांच्या हातात दिवे पुसायचं फडकं होतं. चिंधी त्याच कापडाची होती.

"उघडू नका, साहेब," ते म्हणाले. "ती पुन्हा बोलायला लागेल."

साहेबांनी विचारलं, कोण. काकांनी मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. गेल्या वर्षापासून भोकांतून बाईमाणसाचा आवाज येतो. आधी नुसते आकडे यायचे. मग ती बोलायला लागली, कोणी हलतं आणि कोणाला खबर पोचते, असं काहीबाही. त्यांना त्यातलं सगळं कळायचं नाही. पण शेवटी ती दर वेळी एकच बजावून सांगायची, आणि ते मात्र स्पष्ट होतं.

"एकही वाट सोडायची नाही," काका म्हणाले. "म्हटलं, हिला वर यायचंय, आणि हीच मला सांगतेय की मला वाट देऊ नको. कोणाची तरी लेक असेल बिचारी. म्हणून एकेक बंद करत गेलो. एकही सोडली नाही मी."

साहेबांना काही उमजलं नाही. बाईंना मात्र सगळं उमजलं. त्यांच्या तोंडून निघालेली कुजबुज वाकणावरून, गटाराच्या पन्हळीतून सरकत जाऊन भोकांच्या तोंडाशी घुमत होती. ती या म्हाताऱ्याच्या कानात गेली. कानातून हातात उतरली. हातांनी भोकं बुजवली, पाणी बुडाखाली कोंडलं, कोंडलेल्या पाण्याने भिंत उचलायला सुरुवात केली, आणि भिंतीचं ते सरकणं भिंगातून पाहत बाई पुन्हा कुजबुजत उभ्या होत्या. प्रत्येक भोक बंद झालं की बोगदा आणखी शांत होई, आणि कुजबुज आणखी लांब जाई. त्या मोजायला आल्या होत्या. मधल्या गोष्टींमध्ये त्या स्वतः होत्या हे त्यांनी कुठेच धरलं नव्हतं.

"काका," त्या म्हणाल्या, "मीच होते ती."

नेहमीप्रमाणे काकांनी त्यांच्या पाठीमागे पाहिलं. "बाई, तुमचा आवाज मी ओळखतो," ते शांतपणे म्हणाले. "ती वेगळी आहे."

पुढचे दिवस धावपळीचे गेले. सांडव्याचे दरवाजे उघडून पाणी खाली आणलं. नदीकाठच्या वस्तीला काही दिवस वर शाळेत राहायला सांगितलं. लोक कुरकुरत गेले आणि कुरकुरत परत आले, आपण कशातून वाचलो हे त्यांना धड कोणी सांगितलं नाही. भोकं एकेक करून यंत्राने पुन्हा खोदली. कितीतरी ठिकाणी पाणी छपराला लागण्याइतकं उसळलं. सगळी मोकळी झाली तेव्हा बोगद्यात एवढा गलका माजला की माणसांना एकमेकांच्या कानाशी ओरडावं लागे. तार हळूहळू मागे येऊ लागली.

साहेबांनी वर कळवताना देखरेखीतली चूक आपली, असं लिहिलं. काकांवर कसलीही कारवाई होऊ दिली नाही, नुसतं घरी बसवलं. शाबासकी परत घेतली गेली. ती मला तशीही टोचतच होती, असं साहेब म्हणाले, पण त्यानंतर ते बरेच दिवस कोणात मिसळत नव्हते.

बाईंनी नोकरी सोडली नाही. खाली गेल्यावर मात्र त्या तोंड मिटून असत. आकडा विसरू नये म्हणून तळहातावर लिहून घेत. आपल्याच मागे कोणी चालतंय असं वाटलं तरी वळून पाहायचं नाही, अशी त्यांनी स्वतःला सवय लावली.

एक गोष्ट मात्र त्यांना झोपू देईना. काका जाताना साहेबांच्या खोलीत बसून जे बोलले होते, त्यात त्यांनी सांगितलं होतं की ती सगळ्यात जास्त बोलली ती कडक उन्हाळ्यात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबायचीच नाही. त्या दिवसांत त्यांनी सगळ्यात जास्त भोकं बुजवली. आणि त्या उन्हाळ्यात बाई तिथे नव्हत्याच. चिमणीला विषमज्वर झाला होता आणि पूर्ण महिना त्या तिला घेऊन माहेरी होत्या. त्यांच्या जागी साहेबच तार वाचायचे, आणि साहेबांचा आवाज खर्जातला. बाईंनी आलेख काढून पाहिला. शिल्लक सर्वांत वेगाने वाढली होती ती त्याच महिन्यात.

त्यांनी हे साहेबांना सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा धडा, वर्ग, कुजबुज हे सगळंच सांगावं लागलं. त्याने ऐकून घेतलं, डॉक्टरचं नावही काढलं नाही. तो म्हणाला की कानात एकदा एखादी गोष्ट शिरली की बाहेरचा आवाज बंद झाला तरी ती आत चालूच राहते. त्याला स्वतःला सुट्टीच्या दिवशीही ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकू येते. म्हातारा एकटा, भ्रमिष्ट झालेला, त्याने मनातल्या मनात ऐकलं असेल. बाईंना ते पटलं. दिवसा तरी पटलं.

पुढे त्या काकांना भेटायला जाऊ लागल्या. काका आता मुलीकडे राहत, गावाच्या वरच्या अंगाला, जिथून धरण दिसत नाही अशा घरात. पहिल्या खेपेला मुलीने दारातच थोपवलं. वागायला ती मऊ होती, पण बोलताना तिचे डोळे भरून आले होते.

"ताई, यायचं तेव्हा या," ती म्हणाली. "फक्त त्यांच्यासमोर बोलू नका. परवा रेडिओवर कोणीतरी हळू आवाजात बोलत होतं, तर त्यांनी मोरीचं भोक बुजवलं. उंबऱ्याखालच्या फटीतही चिंध्या कोंबल्या."

बाईंनी मान हलवली. तेव्हापासून त्या रविवारी सकाळी जातात. अंगणात दोघं ऊन घेत बसतात. मुलगी मटाराच्या शेंगा आणून देते, ते दोघं सोलतात. काकांचा रंग उन्हाने जरा रापला आहे. कधी ते शेंगा सोलता सोलता थांबतात, मान कलती करतात, आणि जमिनीकडे कान देऊन राहतात. बाईंचेही हात तेव्हा थांबतात. त्यांना काही ऐकू येत नाही. मग काका पुन्हा शेंग उचलतात आणि म्हणतात, "नाही. आज नाही."

बाई टोपली त्यांच्याकडे सरकवतात.